विश्लेषण: ‘ब्रेक फेल झाला’ म्हणजे नेमकं काय होतं? कारमधली ब्रेकची धातूची नळी का गंजते आणि तिची दुरुस्ती कशी करायची असते?

रस्त्यावर मोठा अपघात झाला की पहिल्या तासाभरात मोबाइलवर एकच वाक्य फिरू लागतं, ‘ब्रेक फेल झाला.’ पुढे तपासात काय निघालं, हे बहुतेकांपर्यंत पोहोचतच नाही.

कारचा ब्रेक खरोखर निकामी होऊ शकतो. त्याच्या कारणांपैकी एक कारण गाडीच्या पोटाखाली, कुणाच्या नजरेला न पडणाऱ्या जागी असतं. ती असते पेन्सिलपेक्षाही बारीक धातूची नळी. गॅरेजमध्ये तिला ‘ब्रेक पाइप’ म्हणतात. मुंबईसारख्या दमट, खाऱ्या हवेच्या शहरात ही नळी हळूहळू गंजते आणि फुटण्याआधी बहुतेक वेळा खुणाही देते. त्या खुणा पाहायच्या कुणी, आणि नळी खराब झाली तर ती जोडायची की बदलायची? या प्रश्नांची उत्तरं गाडीत बसणाऱ्यांइतकीच रस्त्यावरून चालणाऱ्यांसाठीही महत्त्वाची आहेत.

‘ब्रेक फेल’ची चर्चा आणि तपासातलं वास्तव

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला एस. जी. बर्वे मार्गावर ‘बेस्ट’ची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. कुर्ला ते अंधेरी मार्गावरची ही बस होती. या अपघातात नऊ जणांचा जीव गेला आणि ४० हून अधिक लोक जखमी झाले. त्याच रात्री ‘ब्रेक फेल’ची चर्चा सुरू झाली. मात्र बसच्या तपासणीत ब्रेक चालू स्थितीत आढळले आणि तपासाचा रोख चालकाच्या प्रशिक्षणाकडे आणि अनुभवाकडे वळला.

पुण्यातल्या नवले पुलावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका अवजड वाहनानं सुमारे ४८ गाड्यांना धडक दिली होती. तेव्हाही आधी ब्रेक निकामी झाल्याचंच बोललं गेलं. प्राथमिक तपासात वेगळी गोष्ट पुढे आली. उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्याचं पोलिसांनी सांगितलं. मोठ्या ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात आणि ती हवा इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर भरत असतो. इंजिन बंद केलं की हवा भरणं थांबतं.

म्हणजे ‘ब्रेक फेल’ या दोन शब्दांत बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. चालकाची चूक, उतारावर तापलेले ब्रेक, संपलेली हवा, झिजलेले पॅड आणि फुटलेली नळी या सगळ्याला एकच नाव मिळतं. त्यामुळे जिथे दोष खरोखर यंत्राचा असतो, तिथेही ‘नशीब’ म्हणून विषय संपतो. घरगुती कारमधली ब्रेकची नळी ही तर निगा राखली असती तर टळलं असतं, अशा दोषाचं अगदी साधं उदाहरण आहे.

ही नळी करते काय?

कारचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. पायानं पेडल दाबलं की बॉनेटखालच्या मास्टर सिलिंडरमध्ये ब्रेक फ्लुइडवर दाब येतो. बोलीभाषेत त्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. हा दाब नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत जातो आणि तिथे पॅड डिस्कला किंवा लायनर ड्रमला दाबून धरतो. द्रव पदार्थ दाबला तरी जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे पायाचा जोर क्षणात चाकापर्यंत पोहोचतो.

गाडीच्या सांगाड्याला बांधलेला, न हलणारा भाग धातूच्या नळीचा असतो. चाक वळतं आणि खालीवर होतं, म्हणून चाकाजवळचा शेवटचा थोडा भाग लवचिक रबरी नळीचा असतो. धातूची नळी साधारणपणे पावणेपाच मिलिमीटर जाड असते आणि तिच्या भिंतीची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. बऱ्याच गाड्यांमध्ये ती स्टीलच्या पत्र्याचे दोन थर गुंडाळून बनवलेली असते आणि वरून गंजरोधक लेप असतो.

या नळीवर येणारा दाब मोठा असतो. घरातल्या प्रेशर कुकरमध्ये शिट्टी होताना साधारण १ बार जादा दाब असतो. कारच्या टायरमध्ये २ बारपेक्षा थोडा जास्त असतो. समोर अचानक कुणी आलं आणि ब्रेक करकचून दाबला, तर या नळीतला दाब १०० बारच्या आसपास जाऊ शकतो. रोजच्या हलक्या ब्रेकमध्ये मात्र तो याच्या एका हिश्शाएवढाच असतो.

धोका नेमका इथेच आहे. गंजून पातळ झालेली नळी रोजच्या वाहतुकीत महिनोन्‌महिने टिकू शकते. ती फुटते जोराचा ब्रेक लागतो तेव्हा, म्हणजे ब्रेकची सगळ्यात जास्त गरज असते त्या क्षणी.

एक नळी फुटली तर सगळा ब्रेक जातो का?

आजच्या कारमध्ये सहसा नाही. मास्टर सिलिंडरमध्ये दोन स्वतंत्र कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा दोन चाकांना दाब पुरवतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये ही विभागणी तिरकी असते. म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एका जोडीत, आणि उरलेली दोन दुसऱ्या जोडीत. एक नळी फुटली तर एक जोडी जाते आणि दुसरी चालू राहते.

पण अर्धा ब्रेक म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं. पेडल नेहमीपेक्षा बरंच खाली जातं. गाडी थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं. घाबरलेल्या चालकाला हे ‘ब्रेक लागलाच नाही’ असंच वाटतं. घाटकोपर किंवा बोरिवली स्टेशनबाहेर, जिथे माणूस आणि बंपर यांच्यात दोन हातांचं अंतर असतं, तिथे अर्ध्या ब्रेकवर गाडी सावरायला जागाच नसते.

मुंबईत बर्फ नाही, मग गंज येतो कुठून?

थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात आणि तेच मीठ गाडीच्या पोटाला लागून नळ्या खातं. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेनं जनरल मोटर्सच्या जुन्या पिकअप आणि एसयूव्ही गाड्यांच्या गंजलेल्या ब्रेक नळ्यांची काही वर्षं चौकशी केली. २०१५ मध्ये ती बंद करताना गाड्या परत बोलावण्याचा आदेश निघाला नाही. हा वयानुसार आणि मिठामुळे होणारा गंज आहे, असा निष्कर्ष निघाला. मालकांना मात्र स्पष्ट सल्ला देण्यात आला. गाडीचं पोट नियमित धुवा, नळ्या तपासून घ्या, आणि गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर तुकडा न बदलता नळ्यांचा पूर्ण संच बदला.

मुंबईत रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, पण हवेत ते असतंच. वर्सोवा, मढ, गोराईकडे समुद्र आहे. पूर्व उपनगरात मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गच्या कडेनं खाडी आणि मिठागरं आहेत. त्यात पावसाळ्याचे चार महिने. सांताक्रूझच्या वेधशाळेत या चार महिन्यांत सरासरी २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला जातो. २६ जुलै २००५ च्या प्रलयात तर तिथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या.

तेवढा प्रलय दरवर्षी होत नाही. पण अंधेरी सबवे आणि मिलन सबवेच्या परिसरात साचणाऱ्या गढूळ पाण्यातून गाड्या दरवर्षी जातात. पाणी ओसरतं, पण नळी ज्या प्लास्टिकच्या किंवा पत्र्याच्या क्लिपांनी चॅसिसला धरलेली असते त्यांच्या आत चिखल तसाच राहतो. तो दिवाळीपर्यंत ओलसर असतो. त्यामुळे नळी उघड्या भागापेक्षा क्लिपच्या आत आधी गंजलेली सापडू शकते.

याशिवाय आणखी तीन गोष्टी नळीचं आयुष्य कमी करतात.

पहिली, खड्डे आणि उंच स्पीड ब्रेकर. गाडीचं पोट घासलं की नळीवरचा लेप खरवडतो आणि तिथून गंज सुरू होतो.

दुसरी, चुकीच्या जागी लावलेला जॅक. पंक्चर काढताना घाईत जॅक नळीवरच टेकवला तर ती चेपते.

तिसरी, जुनं ब्रेक फ्लुइड. नेहमीच्या डॉट ३ आणि डॉट ४ प्रकारच्या फ्लुइडला हवेतला ओलावा शोषून घेण्याची सवय असते. ओलावा वाढला की नळी आतूनही गंजू शकते. शिवाय फ्लुइड कमी तापमानाला उकळू लागतं. डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. म्हणून दोन वर्षांनी फ्लुइड बदलण्याचा सल्ला अनेक कंपन्या देतात. प्रत्यक्षात ते वर्षानुवर्षं बदललं जात नाही, कारण गाडी ‘चालतेय’.

नळी फुटण्याआधी काय दिसतं?

सगळ्यात सोपी खूण बॉनेट उघडल्यावर दिसते. ब्रेक फ्लुइडच्या डब्यावर ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ अशा रेषा असतात. पॅड झिजतात तशी पातळी काही महिन्यांत थोडी उतरते, ते स्वाभाविक आहे. पण आठवड्या-दोन आठवड्यांत पातळी उतरली, तर फ्लुइड कुठून तरी बाहेर जात आहे. अशा वेळी वरून फ्लुइड ओतून पुढे जाणं ही सर्वात मोठी चूक. गळती तशीच राहते, आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा मात्र विझतो.

दुसरी खूण पायाला कळते. पेडल मऊ, स्पंजसारखं लागतं किंवा सिग्नलला पाय ठेवून उभं असताना हळूहळू खाली जातं.

तिसरी खूण पार्किंगच्या फरशीवर असते. एसीचं पाणी गाडीखाली पडतं, ते स्वच्छ असतं आणि वाळून जातं. ब्रेक फ्लुइड पिवळसर किंवा तपकिरी असतं, बोटाला बुळबुळीत लागतं आणि रंगावर पडलं तर रंग खातं. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या लांबीच्या रेषेत असा डाग दिसला तर गाडी तिथेच ठेवायची.

चौथी खूण लिफ्टवर किंवा खड्ड्यावर गाडी घेतल्यावरच दिसते. नळीवर नुसता तांबूस रंग असेल तर तो वरवरचा गंज असतो. पण पृष्ठभाग खरखरीत झाला असेल, फोड आले असतील, पापुद्रे सुटत असतील किंवा नळी ओली दिसत असेल, तर ती बदलण्याची वेळ आली आहे. वरून काळा ‘अंडरबॉडी कोटिंग’चा थर मारला असेल तर खालचा गंज झाकला जातो. जुनी गाडी विकत घेताना नुकतंच मारलेलं चकचकीत कोटिंग पाहून खूश होण्याआधी हे लक्षात ठेवावं.

दुरुस्ती म्हणजे जोडणं की बदलणं?

इथे ‘जुगाड’ आणि दुरुस्ती यांच्यातली रेषा स्पष्ट आहे.

फुटलेल्या जागी एम-सील लावणं, वेल्डिंग किंवा डाग देणं, पेट्रोलची रबरी नळी चढवून क्लॅम्प आवळणं, किंवा प्लंबिंगमध्ये वापरतात तसा दाबून बसणारा सांधा लावणं, यातली कोणतीही गोष्ट ब्रेकच्या नळीसाठी चालत नाही. पाण्याच्या नळाला जो सांधा पुरतो तो १०० बारच्या दाबाला आणि गाडीच्या सततच्या थरथरीला टिकेल, असं धरून चालता येत नाही. रील्समध्ये असे प्रयोग ‘दहा मिनिटांत दुरुस्ती’ म्हणून दिसतात. पेडल दोनदा दाबून दाखवलं की व्हिडिओ संपतो. पावसात, भरलेल्या गाडीत, उतारावर तो सांधा टिकतो का, हे कॅमेऱ्यात येत नाही.

गळका किंवा फुटलेल्या चाकाकडचा पाइप आवळून, ‘सध्या तीन चाकांचा ब्रेक पुरेल’ असं सांगून गाडी सोडणं हाही असाच प्रकार. अशा गाडीत जोराचा ब्रेक लावला तर ती एका बाजूला खेचली जाते.

योग्य दुरुस्ती म्हणजे नळी एका मूळ जोडापासून दुसऱ्या मूळ जोडापर्यंत पूर्ण बदलणं. कंपनीकडून आधीच वाकवून आलेली नळी मिळाली तर उत्तम. बंद पडलेल्या मॉडेलसाठी ती मिळत नाही, तेव्हा कुशल मेकॅनिक नवी नळी बनवतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात जुने सुटे भाग भरपूर मिळतात. पण भंगारातल्या गाडीची काढलेली ब्रेक नळी घेणं म्हणजे दुसऱ्याचा गंज विकत घेणं.

नवी नळी कशाची हवी? मूळ नळीसारखी लेप दिलेली स्टीलची चालते. तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूची नळीही चांगली, ती गंजाला उत्तम तोंड देते आणि वाकवायला सोपी असते. व्होल्वो कंपनीनं १९७० च्या दशकातच आपल्या गाड्यांमध्ये अशी नळी वापरायला सुरुवात केली. शुद्ध तांब्याची, एसी किंवा फ्रिजच्या कामाची नळी मात्र वापरू नये. ती सहज वाकते म्हणून कामाला सोयीची वाटते, पण सततच्या थरथरीनं कडक होऊन तिला तडे जातात. रंग सारखाच दिसत असल्यानं ग्राहकाला फरक कळत नाही, म्हणून विचारून घेणं भाग आहे.

सगळ्यात नाजूक काम नळीच्या टोकाचं. नळी सांध्यात घट्ट बसावी म्हणून तिचं टोक खास हत्यारानं भोंग्यासारखं रुंद करतात. याला ‘फ्लेअर’ म्हणतात. ब्रेकसाठी टोक दुमडून दुहेरी करावं लागतं किंवा बुडबुड्याच्या आकाराचं करावं लागतं. कोणत्या गाडीला कोणता आकार, हे ठरलेलं असतं. एकाच्या जागी दुसरा बसवला तर नट कितीही आवळला तरी तो गळू शकतो. साधा एकेरी फ्लेअर ब्रेकच्या दाबाला चिरतो.

नंतर नळी मूळ मार्गानंच बसवायची, क्लिपा नव्या लावायच्या आणि ती सायलेन्सरच्या पाइपला किंवा हलणाऱ्या भागाला टेकत नाही हे पाहायचं. जुने नट गंजून नळीलाच चिकटलेले असतात. साध्या पान्यानं ते सोलवटतात, त्यासाठी नटाला जवळजवळ पूर्ण वेढणारा खास पाना लागतो.

शेवटचं काम नळीत शिरलेली हवा काढणं. गॅरेजच्या भाषेत ‘ब्रेकची एअर काढणं’. हवा दाबली की आकसते. त्यामुळे नळीत हवा राहिली तर पायाचा जोर तिथेच संपतो आणि पेडल स्पंजसारखं लागतं. एबीएस असलेल्या काही गाड्यांमध्ये त्या युनिटमध्ये अडकलेली हवा काढायला स्कॅनर जोडावा लागतो. सगळं झाल्यावर इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबून धरायचं, प्रत्येक सांधा कोरडा आहे का पाहायचं, आणि मगच मोकळ्या जागी हळू चालवून तपासायचं.

आणखी एक गोष्ट राहते. एक नळी गंजून फुटली असेल तर तिच्या शेजारची नळीही तितक्याच वर्षांची असते आणि तिनंही तेच पावसाळे पाहिलेले असतात. एकच बदलून गाडी बाहेर काढली तर पुढची कधी फुटेल, हा प्रश्न तसाच राहतो.

मग ही तपासणी करतं कोण?

भारतात खासगी कारची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. या काळात पीयूसी वेळोवेळी काढावी लागते, पण ती फक्त धूर मोजते. ब्रेक तपासण्याची सक्ती खासगी कारला या १५ वर्षांत एकदाही नसते. टॅक्सी, बस, ट्रकसारख्या व्यावसायिक वाहनांना मात्र पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ब्रिटनमध्ये कार तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते आणि त्यात ब्रेकच्या नळ्यांचा गंजही पाहिला जातो. जपानमध्ये पहिल्या तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी तपासणी असते.

मुंबईच्या उपनगरांत अंधेरी, बोरिवली आणि वडाळा इथल्या आरटीओंत १५ वर्षं झालेल्या गाड्या पाच वर्षांच्या फेरनोंदणीसाठी येतात. तिथे ब्रेक त्या दिवशी लागतो की नाही हे कळतं. क्लिपच्या आत नळीची भिंत किती उरली आहे, हे ब्रेकच्या जोरावरून समजत नाही. वर पाहिल्याप्रमाणे पातळ झालेली नळी साध्या ब्रेकला टिकते.

म्हणजे कार पहिली १५ वर्षं फक्त मालकाच्या आणि त्याच्या मेकॅनिकच्या भरवशावर असते. अधिकृत सर्व्हिस सेंटरची वॉरंटी संपल्यावर अनेक जण गल्लीतल्या गॅरेजकडे वळतात. त्यात गैर काही नाही, चांगले मेकॅनिक तिथेही असतात. पण ‘ऑइल बदला, फिल्टर बदला’ एवढ्यावर सर्व्हिसिंग संपलं तर गाडीखाली कुणीच पाहत नाही.

‘ब्रेक फेल झाला’ हे कायद्यात कारण ठरतं का?

फार क्वचित. आणि त्यामागची कथा थेट गंजलेल्या ब्रेक नळीपर्यंत जाते.

मुंबईतल्या एका लॉरी आणि कारच्या अपघाताचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. ‘मिनू बी. मेहता विरुद्ध बाळकृष्ण रामचंद्र नयन’ हा तो खटला. त्याचा निकाल १९७७ मध्ये लागला. लॉरीत यांत्रिक बिघाड झाला, असा बचाव होता. न्यायालयानं म्हटलं, बिघाडामुळे अपघात झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची आहे. आणि तेवढंही पुरेसं नाही, तो बिघाड टाळण्यासाठी सर्व वाजवी काळजी घेतली होती, हेही मालकानंच दाखवायचं.

हे सांगताना न्यायालयानं ब्रिटनमधल्या ‘हेंडरसन विरुद्ध जेंकिन्स’ खटल्याचा दाखला घेतला. तिथे एका चढ-उताराच्या रस्त्यावर लॉरीचे ब्रेक निकामी होऊन एका माणसाचा मृत्यू झाला होता. लॉरी पाच वर्षांची होती आणि किमान दीड लाख मैल चालली होती. ब्रेकची स्टीलची नळी गंजून फुटली होती. गंज अशा जागी होता जिथे नळी पूर्ण काढल्याशिवाय तो दिसलाच नसता, आणि दिसणारा भाग ठीक असताना नळी काढून पाहण्याची पद्धतही नव्हती. रस्त्यावरच्या मिठाशी किंवा समुद्राजवळच्या फेऱ्यांमुळे असा गंज येऊ शकतो, असं तज्ज्ञानं सांगितलं. तरीही तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं मालकांना सूट दिली नाही. वाजवी काळजी घेतल्याचं त्यांना सिद्ध करता आलं नाही, असा निर्णय झाला.

समुद्राच्या कुशीत राहणाऱ्या मुंबईकर वाहनमालकासाठी यातला अर्थ सरळ आहे. ‘दिसलं नाही’ एवढं म्हणून सुटका होत नाही. गाडी कशी वापरली आणि तिची निगा कशी राखली, याचा हिशोब द्यावा लागतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार, माहीत असलेला किंवा साध्या काळजीनं कळला असता असा दोष असलेली गाडी रस्त्यावर आणली तर दीड हजार रुपयांपर्यंत दंड होतो. त्या दोषामुळे अपघात होऊन कुणी जखमी झालं किंवा मालमत्तेचं नुकसान झालं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

विम्याचंही पाहायला हवं. कारच्या नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाडाचा खर्च येत नाही. नळी बदलण्याचा खर्च मालकाचाच.

चालत्या गाडीत ब्रेक गेला तर?

पेडल एकदम खाली गेलं तर ते भराभर दोन-तीनदा सोडून दाबावं. दुसरी जोडी शाबूत असेल तर काही दाब परत मिळतो. पाय काढून ॲक्सिलरेटर सोडावा, गिअर एकेक करून खाली आणावेत, हॅझर्ड दिवे आणि हॉर्न चालू ठेवावा. हँडब्रेक हळूहळू ओढावा, एकदम ओढला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते.

चावी काढू नये. स्टीअरिंग लॉक होऊ शकतं. इंजिन बंद झालं तर स्टीअरिंग जड होतं आणि ब्रेकला मिळणारी मदतही जाते. न्यूट्रलमध्येही टाकू नये, कारण इंजिनचा अडथळा वेग कमी करतो. गाडी थांबली की तिथून ती टो करूनच न्यावी, मग गॅरेज पुढच्या चौकात का असेना.

गॅरेजमध्ये काय विचारायचं?

पावसाळा संपल्यावर, साधारण दसऱ्याच्या सुमारास, वर्षातून एकदा गाडी लिफ्टवर घेऊन नळ्या पाहून घ्याव्यात. गाडी सात-आठ वर्षांपेक्षा जुनी असेल, उघड्यावर उभी राहत असेल किंवा एकदा जरी पाण्यात अडकली असेल तर हे टाळू नये. मेकॅनिकला हे पाच प्रश्न विचारता येतात.

१. नळी पूर्ण बदलणार की मध्ये जोड देणार?

२. नवी नळी कशाची आहे, लेप दिलेली स्टील, तांबं-निकेल की नुसतं तांबं?

३. फ्लेअर मूळ नळीसारखाच दुहेरी किंवा बुडबुड्याचा केला आहे ना?

४. फ्लुइड नवं, सीलबंद डब्यातलं आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचंच आहे ना?

५. एअर काढल्यावर सगळे सांधे दाबाखाली तपासले का, आणि बाकीच्या नळ्यांची स्थिती काय आहे?

काढलेली जुनी नळी मागून घ्यावी आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. बिलावर काय बदललं ते लिहून घ्यावं आणि मोबाइलमध्ये नळ्यांचा तारखेसह एक फोटो ठेवावा. पुढच्या वर्षी त्याच जागेचा फोटो काढला की गंज किती वाढला ते कळतं. वाजवी काळजी घेतली होती का, असा प्रश्न कधी उभा राहिलाच तर त्या बिलाचा आणि फोटोंचा आधारही राहतो.